शंभराच्या पुढचं युनिट आणि छतावरचं सोलर

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या गावांना मे महिना कूलरशिवाय काढता येत नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि दिवसभर चालणारा कूलर महिन्याला पन्नासेक युनिट खातो. एरवी 90 युनिटांत भागणारं घर मग 140वर जातं. महावितरणच्या दरपत्रकात 101 ते 300 युनिटांचा दर पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट आहे. सोलर परवडतं का, या प्रश्नाचं उत्तर या शंभराच्या रेषेपाशी सापडतं.

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024मध्ये आली. 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून अधिक किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. अनुदानासाठी पॅनल भारतीय बनावटीचेच लागतात. 1 किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा हवी आणि त्यातून वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला 120 युनिटांच्या आसपास वीज मिळते.

खामगावातलं 250 युनिट वापरणारं एखादं घर घेऊ. 2 किलोवॅटचा संच सव्वा लाखाच्या आसपास बसला, तर अनुदान वजा जाता खिशातून 65,000 गेले. महिन्याला दोन-सव्वादोन हजार वाचले तरी अडीच-तीन वर्षांत पैसे वसूल. पॅनलची हमी 25 वर्षांची असते. अशा घरानं फार विचार करत बसू नये.

80 युनिटांच्या घराचं गणित वेगळं. तिथं बिलच सहा-सातशेचं, त्यामुळे नुसत्या केंद्राच्या अनुदानावर वसुली लांबते. 100 युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्यानं 2025मध्ये स्मार्ट योजना आणली ती याचसाठी. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 50,000च्या 1 किलोवॅट संचासाठी केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500 मिळतात. स्वतःचे भरायचे 2,500. अडचण छपराची. टिनाच्या किंवा माळवदाच्या घरावर संच कसा पेलायचा, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं.

विक्रेता मात्र “तीनचा टाका, पाचचा टाका” असाच आग्रह धरतो. त्याचं ऐकू नये. बारा महिन्यांची बिलं काढावीत, त्यांची सरासरी घ्यावी आणि तेवढाच संच बसवावा. नेट मीटरमुळे दिवसा उरलेली वीज ग्रीडला जाते आणि पुढच्या बिलात वळती होते. पण मार्चअखेर जे शिल्लक उरतं त्याला कमी दर मिळतो, आणि स्थिर आकार तर बिल शून्य युनिटांचं आलं तरी भरावाच लागतो.

सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच आहे. वादळी पावसात लाईन गेली की सोलर असलेल्या घरातही अंधार होतो आणि मालक विक्रेत्याच्या नावानं बोटं मोडतो. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईन गेल्याबरोबर बंद पडावा अशीच त्याची रचना असते. नाहीतर छतावरची वीज तारेत उतरेल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. लाईन नसतानाही पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि मग वर मांडलेला हिशेब पार बदलतो. हे विकताना सांगायला हवं, सांगणारे थोडे.

इथल्या उन्हाचंही कौतुक बेतानंच करावं. पॅनल तापलं की त्याची क्षमता घटते: 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के. मे महिन्यात पॅनल 60 अंशांच्या पुढे तापतं, म्हणजे दहा-बारा टक्के उत्पादन तिथंच गेलं. त्यात धूळ. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यानं पॅनल धुतलं तर काचेवर पांढरा थर धरतो. पिण्याचं पाणीच मोजून येतं त्या गावांत धुवायला गोडं पाणी कुठून आणायचं? अशा ठिकाणी पहाटे, काच थंड असताना, मऊ कापडानं हलकेच धूळ झटकणं आणि जमेल तेव्हा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं धुणं एवढंच हातात राहतं. सांगाडा थोडा उंच घेतला तर खाली कुरडया, पापड, मिरच्या वाळवायला गच्चीही मोकळी राहते, फक्त वाऱ्याचा जोर धरून त्याचे पाय पक्के हवेत.

एवढं सगळं जुळलं तरी कितीतरी अर्ज अडू शकतात ते मीटरच्या नावावर. घर एकत्र, मीटर निवर्तलेल्या आजोबांच्या नावानं, अनुदानाचं खातं नातवाचं. आधी वारसांची संमती, मग नावबदल, मग अर्ज. तोवर कूलरचा हंगाम संपतो. महावितरणला सोलरच्या प्रचाराची शिबिरं घ्यायचीच असतील, तर तालुक्याच्या ठिकाणी त्याच मांडवात मीटरच्या नावबदलाचं एक टेबल लावावं.