गाणं आवडतं, गाणारी झेपत नाही

८ ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. आयर्लंडमधल्या ब्रे या समुद्रकाठच्या गावात रस्त्याच्या कडेला हजारो माणसं उभी होती. शिनेड ओ’कॉनर या गायिकेची अंत्ययात्रा तिथून जायची होती. पुढे स्पीकर लावलेली एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन, तिच्यावर बॉब मार्लेची गाणी चाललेली आणि मागे शवगाडी. लोक टाळ्या वाजवत होते, रडत होते, गाडीवर फुलं टाकत होते. ती जिथे पूर्वी राहायची त्या घरासमोर फुलांचा आणि चिठ्ठ्यांचा ढीग लागला होता. जवळच्या टेकडीवर पांढऱ्या भल्यामोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं होतं, शेजारी देशाचं नाव, आणि दोन्हींच्या मध्ये बदामाचं चिन्ह. अंत्यविधीला देशाचे राष्ट्रपतीही आले होते.

आमचं सल्ला केंद्र बंद करून मी बसस्टॉपवर उभी होते आणि मोबाइलवर हे सगळं बघत होते. मलाही रडू आलं. पण बसमध्ये बसल्यावर त्या रडण्याचीच थोडी शरम वाटायला लागली. ती का वाटली, तेच आज तुम्हा मैत्रिणींपुढे मांडायचं आहे.

शिनेडची आणि माझी ओळख झाली ती एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला. वसतिगृहात माझ्या खोलीत शिलाँगची एक मुलगी होती. तिच्या गावात रॉक संगीत म्हणजे आपल्याकडे भजनी मंडळ असावं तसं, गल्लोगल्ली. मी गवळणी आणि लता-आशा ऐकत वाढलेली, आणि इंग्रजीही बेताचंच. रात्री दिवे गेले की इअरफोनचं एक टोक ती माझ्या कानात घालायची. कुजबुजीसारखा सुरू होणारा आवाज बघता बघता किंकाळी व्हायचा आणि पुन्हा खाली यायचा. शब्द निम्मेअधिक कळायचे नाहीत, पण आवाज कळायचा. दिवसभर फिल्डवर्कला बायकांच्या कहाण्या ऐकून मी यायचे, आणि त्यांना जे मोठ्यानं म्हणता येत नव्हतं ते ही बाई म्हणते आहे असं मला वाटायचं. पुढे आमच्या मजल्यावरच्या चार-पाच जणी या वेडात सामील झाल्या. २६ जुलै २०२३ ला लंडनमध्ये ती वारली, वय जेमतेम ५६. बातमी कळल्यावर वेगवेगळ्या गावांत पांगलेल्या आम्ही सगळ्याजणी रात्री उशिरापर्यंत फोनवर होतो. कुणाला कुठलं गाणं कधी उपयोगी पडलं याच्या गोष्टी चालल्या होत्या. एकीनं सांगितलं, “घर सोडलं त्या रात्री मी तिलाच ऐकत होते.”

चाहतीचं प्रेम खोटं नसतं. ते पोरकट आहे असंही मला म्हणायचं नाही. प्रश्न वेगळा आहे. आम्ही ज्या आवाजावर प्रेम करत होतो, तो आवाज जिच्या गळ्यातून येत होता त्या बाईचं, ती जिवंत असताना, काय झालं?

तिच्याबद्दल थोडं सांगते. १९६६ साली डब्लिनमध्ये तिचा जन्म झाला. आई फार मारायची, हे तिनं पुढे उघडपणे सांगितलं. चौदा-पंधराव्या वर्षी चोऱ्यामाऱ्या आणि शाळा बुडवणं सुरू झालं, म्हणून तिला डब्लिनमध्येच जोगिणींच्या एका सुधारगृहात ठेवलं. हे सुधारगृह एका जुन्या मॅग्डलेन धुलाईघराच्या आवारात होतं. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, ‘वाया जातील’ अशी भीती वाटणाऱ्या मुलींना आणि बायकांना या धुलाईघरांत कोंडून त्यांच्याकडून बिनपगारी कपडे धुऊन घेतले जात. तिच्या सुधारगृहाच्या आवारातली जमीन पुढे विकली गेली, तेव्हा १९९३ मध्ये तिथून १५५ बायकांची प्रेतं उकरून काढली गेली. त्यांतल्या कित्येकींच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंदही नव्हती. शेवटचं धुलाईघर बंद व्हायला १९९६ साल उजाडलं.

विशेष म्हणजे तिच्या हातात गिटार दिली ती त्याच सुधारगृहातल्या एका जोगिणीनं. आयुष्य असं सरळ नसतंच.

पहिला अल्बम निघायचा होता तेव्हा कंपनीच्या साहेबांना ती जरा ‘बायकी’ दिसायला हवी होती. तिनं जाऊन डोक्याचा गोटा करून घेतला. आपल्याकडे केशवपनाचा इतिहास आहे. विधवेचं डोकं जबरदस्तीनं भादरणाऱ्या समाजातल्या मला, एका पोरीनं आपल्या मर्जीनं केलेलं हे मुंडण फार मोठं वाटलं. १९९० मध्ये ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हे प्रिन्सनं लिहिलेलं गाणं तिनं गायलं आणि जगभर तिचं नाव झालं. त्या चित्रफितीत तिच्या गालांवरून ओघळणारे अश्रू आईच्या आठवणीनं आले होते, असं तिनंच सांगितलं. मारणाऱ्या आईसाठीचे ते अश्रू होते. हिंसा सोसलेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाच याचं नवल वाटणार नाही.

मग आला ३ ऑक्टोबर १९९२ चा दिवस. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात तिनं वाद्यांशिवाय बॉब मार्लेचं ‘वॉर’ गायलं, त्यात मुलांवरच्या अत्याचाराचा उल्लेख घातला, आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो फाडला. फोटो तिच्या आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा. १९८५ मध्ये आई अपघातात गेल्यावर तिनं तो काढून जपून ठेवला होता. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर अत्याचार होत आहेत आणि ते दडपले जात आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं.

ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये तिच्या कॅसेट्स आणि सीड्या रस्त्यावर टाकून त्यांवर रोडरोलर फिरवला गेला. पुढच्याच आठवड्यात त्याच कार्यक्रमात आलेला नट, ‘मी असतो तर तिला एक ठेवून दिली असती’ अशा अर्थाचं बोलला, आणि प्रेक्षक हसले. दोन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या कारकिर्दीच्या तीस वर्षांचा सोहळा होता. तिथे ती स्टेजवर आली तेव्हा टाळ्या पडल्या आणि त्यांच्या बरोबरीनं हुर्यो उठली. ही माणसं कोण होती? रॉक संगीताचे भक्त. सत्तेला प्रश्न विचारणारी गाणी तोंडपाठ असलेली. त्याच गाण्यांच्या सोहळ्याला तिकीट काढून आलेली. त्यांच्यासमोर एका पंचविशीतल्या मुलीनं सत्तेला खरोखरच प्रश्न विचारला होता, आणि तो त्यांना झेपला नाही. आदल्या पिढीतला एक गायक, क्रिस क्रिस्टोफरसन, तेवढा तिच्याजवळ गेला आणि त्यानं तिला धीर दिला. तिनं ठरलेलं गाणं बाजूला ठेवून ‘वॉर’च पुन्हा, ओरडून, म्हटलं.

त्यानंतर सतरा वर्षांनी, २००९ साली, आयर्लंडमध्ये दोन सरकारी चौकशी अहवाल आले. चर्चच्या संस्थांमध्ये कित्येक दशकं मुलांना झालेली मारहाण आणि त्यांच्यावरचे लैंगिक अत्याचार, आणि डब्लिनच्या धर्मप्रांतानं ते कसे झाकले, हे त्यांत नोंदवलेलं आहे. २०१३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी धुलाईघरांतल्या बायकांची संसदेत माफी मागितली. म्हणजे ती खरं बोलत होती. पण तिच्या वाट्याला मधली सगळी वर्षं ‘ती फोटो फाडणारी वेडी’ अशीच आली.

या ‘वेडी’ शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे. शिनेड मानसिक आजाराशी झगडत होती, आणि तिनं ते कधी लपवलं नाही. ती भांडायची, मतं बदलायची, आज बोललेलं उद्या मागे घ्यायची. १९९९ मध्ये एका स्वतंत्र कॅथलिक गटाकडून ती धर्मगुरू झाली, २०१८ मध्ये तिनं इस्लाम स्वीकारला. २०२२ च्या जानेवारीत तिचा सतरा वर्षांचा मुलगा गेला. तिच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्यांनाही ती दमवायची. हे सगळं खरं आहे. आणि १९९२ मध्ये ती जे म्हणाली तेही तितकंच खरं होतं. बाई आजारीही असू शकते आणि बरोबरही असू शकते.

सल्ला केंद्रात हे मी रोज बघते. सासरच्या हिंसेबद्दल बोलायला बाई आली की मागोमाग नवरा येतो, पिशवीत गोळ्यांची पाकिटं घेऊन. “मॅडम, हिची ट्रीटमेंट चालू आहे, हिचं काय मनावर घेता?” कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण असल्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. मारून मारून तिची झोप उडवायची, मग झोपेच्या गोळ्या द्यायच्या आणि मग त्या गोळ्याच पुरावा म्हणून दाखवायच्या. आपण कार्यकर्त्यासुद्धा नकळत शांत, नीट, तारीखवार सांगणाऱ्या बाईवर चटकन विश्वास ठेवतो. ओरडणारी, एकदा हे एकदा ते सांगणारी बाई आली की आपलं पेन थांबतं.

आता माझ्या शरमेची गोष्ट. आमच्याच संघटनेत एक ज्येष्ठ ताई होत्या. आवाज पहाडी. मोर्चात त्यांनी गाणं उचललं की अंगावर काटा यायचा. आम्ही सगळ्या तरुण मुली त्यांच्या भक्त होतो असं म्हटलं तरी चालेल. २०१६ मध्ये एका निवासी शाळेतल्या दोन मुलींनी तिथल्या कर्मचाऱ्याबद्दल ताईंना काही सांगितलं. त्या शाळेच्या चालकांचे आणि आमचे जुने, चांगले संबंध होते. आमच्या बैठकीत सूर निघाला की आधी आपण आपसात चौकशी करू, एवढ्या चांगल्या संस्थेचं नाव खराब नको. ताई म्हणाल्या, पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्यात आपसात काही नसतं. त्या टेबलावर हात आपटून बोलल्या, एकदोघींना लागेलसं बोलल्या. आणि उठून एकट्या पोलिस ठाण्यात गेल्या.

त्या बैठकीला मी होते. कायदा मला पाठ होता, तो मी प्रशिक्षणात शिकवत होते. मी काहीही बोलले नाही. नंतर चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, “ताईंचं हल्ली डोकं ठिकाणावर नसतं,” तेव्हाही मी कपात बघत राहिले. हळूहळू त्यांना बैठकांची निरोपपत्रं जायची बंद झाली. मोर्चात मात्र त्यांची गाणी आम्ही म्हणतच होतो.

२०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ताई गेल्या. आम्ही ऑनलाइन शोकसभा घेतली. पडद्यावर साठ-सत्तर चेहरे, सगळे रडवेले. ‘रणरागिणी’, ‘निर्भय’, ‘आमची वाघीण’ असे शब्द आले. मीही त्यांचं एक गाणं म्हटलं. त्या बैठकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. दोन वर्षांनी ब्रेची ती फुलांनी झाकलेली शवगाडी बघताना मला आमचा तो पडदा आठवला.

मेलेल्या बाईवर प्रेम करणं सोपं असतं. ती आता बैठकीत उठून काही विचारणार नाही. तिच्या बोलण्यातला काटा काढून टाकून आपण तिचा आवाज तेवढा ठेवून घेऊ शकतो. आपल्या समाजाला ही सवय जुनी आहे. सावित्रीबाईंवर शेण फेकणारं गाव आणि त्यांच्या तसबिरीला हार घालणारं गाव ही दोन वेगळी गावं नाहीत.

आणि कुणी असं समजू नये की हा प्रश्न एका चर्चचा किंवा एका धर्माचा आहे. जिथे लहान मुलं मोठ्यांच्या ताब्यात असतात आणि त्या मोठ्यांना पवित्र मानलं जातं, अशी प्रत्येक जागा यात येते. आश्रम, वसतिगृह, संस्कार वर्ग, आणि हो, ‘आपल्या विचारांची’ संस्थासुद्धा.

मग चाहत्यांनी गाणी ऐकायची नाहीत का? जरूर ऐकावीत. अत्याचार सोसलेल्या कितीतरी लोकांनी पुढे सांगितलं, की शिनेडनं तो फोटो फाडला तेव्हा कुणीतरी आपल्या बाजूचं आहे असं आपल्याला पहिल्यांदा वाटलं. आमची ती घर सोडून निघालेली मैत्रीण एका आवाजाच्या आधारावर रात्रभर एसटीत बसून राहिली. हा आधार लहान नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रेमाची परीक्षा शोकसभेत होत नाही. ती होते बैठकीत, जेव्हा आपल्यातलीच एखादी, चुकीच्या वेळी, चढ्या आवाजात, गैरसोयीचं खरं बोलते आणि बाकीच्या सगळ्याजणी चहाच्या कपात बघतात.

ताईंनी तक्रार नोंदवलेल्या त्या दोन मुली आता मोठ्या झाल्या आहेत. त्यांच्यातली एक मागच्या वर्षी आमच्या शिबिराला आली होती. तिनं मला विचारलं, “त्या मोठ्या आवाजाच्या आजी कुठे आहेत?” मी सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “तेव्हा त्यांच्याबरोबर दुसरं कुणीच कसं आलं नाही?”

या वेळी मी गप्प बसले नाही. तो प्रश्न मी आमच्या पुढच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तिच्याच शब्दांत मांडला. बैठक चांगली झाली असं म्हणता येणार नाही. दोघीजणी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. पण २०१६ च्या त्या बैठकीचं खरं इतिवृत्त आम्ही आता लिहून ठेवलं आहे, आणि आमच्या संघटनेचं कुणा संस्थेशी कितीही सख्य असलं तरी मुलांबद्दलची तक्रार त्याच दिवशी पोलिसांकडे जाईल असा लेखी ठराव केला आहे. त्यावर माझीही सही आहे.

तुमच्या गटात अशी एखादी ‘डोकं ठिकाणावर नसलेली’ बाई असेल, तर ती जिवंत आहे तोवर तिच्याकडे जाऊन या. आणि मग काय झालं ते आम्हांलाही जरूर कळवा.