काजवे गेले, धबधबे आले. भंडारदऱ्याच्या गर्दीचा पैसा गावात किती मुरतो?

अकोले : मे अखेरीपासून लुकलुकणारे काजवे जोरदार पावसाबरोबर दिसेनासे होतात आणि अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात लगेच दुसरा हंगाम सुरू होतो. रंधा धबधबा, घाटघरचा कडा, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, बारीतून कळसूबाई, पाचनईतून हरिश्चंद्रगड. शनिवार-रविवारी भंडारदरा जलाशयाभोवतीचा रिंग रोड मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांनी भरून जातो. गर्दी वाढली की बंदीची मागणी होते, बंदी आली की धंदा बुडाल्याची ओरड होते. दरवर्षी चर्चा या दोन टोकांतच अडकते. खरा प्रश्न वेगळाच आहे. या गर्दीतून गावाला काय मिळतं आणि गावाला काय सोसावं लागतं?

पाणी खाली, माणसंही खाली

प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. साठवण सुमारे ११ टीएमसी. त्या पाण्यावर खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. वरच्या आदिवासी गावांच्या वाट्याला मात्र पावसाळ्यातलं एकच भातपीक, जोडीला नागली-वरई. घाटघर-रतनवाडीला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, पण एप्रिल-मे आला की इथल्याच कित्येक वाड्यांवर हंडा घेऊन पायपीट करावी लागते. भात निघालं की तरणी पोरं मजुरीला नारायणगाव, आळेफाट्याकडे जातात.

पर्यटनामुळे या चक्राला पहिल्यांदा छेद गेला, हे मान्य करायलाच हवं. घरगुती जेवण, तंबू, वाटाड्या, कळसूबाईच्या वाटेवरचं लिंबू सरबत आणि भजी. यातून बारी, साम्रद, पाचनई, रतनवाडीतल्या अनेक घरांना हक्काचं उत्पन्न मिळू लागलं. म्हणून सरसकट बंदी हा उपाय होऊ शकत नाही. बंदीचा पहिला फटका शहरातल्या आयोजकाला बसत नाही, चुलीवर भाकरी थापणाऱ्या बाईला बसतो.

पण पैशाची वाटणी नीट पाहायला हवी. बुकिंग शहरात होतं, पैसे आगाऊ तिथेच जमा होतात. गावातल्या माणसाकडे येतात ते ताटामागचे आणि तंबूच्या जागेचे. पाणी खाली गेलं तसा पैसाही खालीच जाणार असेल, तर गावाच्या वाट्याला उरतो तो फक्त कचरा.

अभयारण्य की जत्रा?

हा सगळा परिसर १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. म्हणजे इथे पहिला हक्क जंगलाचा. काजव्यांचंच घ्या. नर-मादी एकमेकांना शोधतात ते प्रकाशाच्या खुणांवर. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर हा खेळ चालतो. त्यात गाडीचे हेडलाइट, मोबाईलचे टॉर्च पडले की खुणा हरवतात, मिलन होत नाही. त्यांच्या अळ्या ओलसर मातीत गोगलगायींवर वाढतात. झाडाखालची माती तुडवली, त्यावर गाड्या उभ्या केल्या, तर पुढच्या वर्षीचे काजवे यंदाच संपतात. ज्याच्या नावावर धंदा चालतो, तेच राहिलं नाही तर धंदा तरी कशाचा?

वन विभागाने नाके, प्रवेश शुल्क, वाहनांवर निर्बंध हे उपाय केले आहेत. पण नाक्यावर पावती फाडणं म्हणजे नियोजन नव्हे. एका रात्रीत किती गाड्या आत घ्यायच्या, हा आकडा आधी ठरला पाहिजे आणि तो पाळला गेला पाहिजे.

अपघात झाला तर?

साम्रदची सांदण घळ हा दोन कातळभिंतींमधला अरुंद रस्ता आहे. पावसात वरून लोंढा आला तर पळायला जागा नाही. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. वाटेवर लोखंडी शिड्या आहेत म्हणून लोक ती सोपी समजतात. पण ओल्या शिडीवर एकाच वेळी चढणारे आणि उतरणारे अडकले की चेंगराचेंगरीचा धोका असतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर ठिकठिकाणी मनाई आदेश निघाले. आदेश कागदावर निघतो, पण कड्यावर माणूस उभा लागतो.

अपघाताच्या वेळी आधी धावतो तो गावातलाच पोरगा. त्याच्याकडे ना चांगला दोर, ना स्ट्रेचर, ना विमा. जखमीला झोळीतून खाली आणायचं आणि मग राजूर, घोटी किंवा थेट नाशिक गाठायचं. साहसी पर्यटनासाठी राज्याने २०२१ मध्ये धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. ती नोंदणी नाक्यावर तपासली गेली, तरच त्याचा उपयोग.

करता काय येईल?

यासाठी मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. वाहनांची मर्यादा ठरवून आगाऊ नोंदणी. सांदण आणि गडांवर स्थानिक वाटाड्या सक्तीचा, त्याला प्रशिक्षण आणि विमा. जमा झालेल्या शुल्काचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवणं आणि चावडीवर लावणं. त्यातला ठरावीक वाटा आधी पिण्याच्या पाण्यावर, शौचालयांवर आणि कचरा खाली नेण्यावर. तालुक्याचा हा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, पेसा कायद्याने ग्रामसभेला वजन दिलं आहे. ते वापरायचं की नाही, हे गावांनी ठरवायचं आहे.

पावसाळा तोंडावर आहे. वन विभाग, महसूल, पोलीस आणि ग्रामपंचायती पहिल्या मोठ्या शनिवार-रविवारच्या आधी एकत्र बसल्या तर ठीक. नाहीतर बैठक होईल ती अपघातानंतर, आणि त्यातून पुन्हा निघेल ती बंदीच.