लव्हाळ्याची माळ

दोस्तांनो, परीक्षा संपल्या ना? मग आता कुदळ शोधून ठेवा! या सुट्टीत परसातला तो पडीक वाफा मोकळा करायचाय. हो, तोच, दोन पावसाळे कुणी हात न लावलेला. पाहुणे म्हणतात, ‘काय छान हिरवळ आहे!’ पण तिथं मेथी पेरून बघा. मेथी रुसून बसते, हिरवळ मात्र फोफावते.

या हिरवळीत बहुधा दोन मंडळी असतात, हरळी आणि लव्हाळा. हरळी म्हणजे आपल्या गणपतीची दूर्वाच. लव्हाळा ओळखायचा, तर त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा. तिकोनी लागला की समजा, हाच तो. १९७७ साली लिरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा! म्हणजे जगाच्या मेरिट लिस्टमधले पहिले दोघे तुमच्याच परसात.

‘मग उपटून टाका की!’ असं बाबा म्हणतील. उपटा बरं. पात्यांचा झुबका हातात येतो, वाफा स्वच्छ दिसतो आणि आठवड्याभरात हिरवे कोंब पुन्हा हजर. असं का होतं? खुरप्यानं माती हळूच बाजूला करा. शेंगदाण्याएवढ्या काळपट गाठी दिसतील. एका गाठीतून तारेसारखं बारीक खोड निघून दुसऱ्या गाठीला जातं, तिथून तिसरीला. अगदी मण्यांची माळ! वाढणारा कोंब माळेतल्या बाकीच्या गाठींना झोपवून ठेवतो. तो तुटला की त्या जाग्या होतात. मॉनिटर वर्गाबाहेर गेला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच. (एक गाठ फोडून वास घ्या. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच कुळातला.)

हरळीची तऱ्हा निराळी. तिच्या पेरापेराला मुळं फुटतात. ओल्या मातीत तिची खांडोळी केलीत, तर जितके तुकडे तितकी नवी हरळी. भाड्याचा पॉवर टिलर फिरवून ‘झालं काम!’ म्हणणारे काका घरात असतील, तर त्यांना आधी आवरा.

काम सकाळी, ऊन चढायच्या आत. पायात बूट हवेतच आणि आधी गचपणात काठी आपटायची, कारण विंचू असू शकतो. कुदळ मोठ्यांनी चालवावी. वीतभर खणून ढेकळं उलटी करायची. तुम्ही ढेकळं फोडा आणि मुळ्या न तोडता ओढून काढा. रोज चार हात जागा झाली तरी पुष्कळ. निघालेला माल पत्र्यावर पसरा. गाठ फोडल्यावर आत पांढरी, ओलसर दिसली तर ती जिवंत आहे. अशी रास खताच्या खड्ड्यात गेली, तर पुढं खताबरोबर साऱ्या वाफ्यांत पसरेल! खणलेल्या वाफ्याला पाणी मुळीच नको. एप्रिल-मेचं ऊन लागू द्या आणि ढेकळं अधूनमधून उलटा.

आईबाबांनो, तणनाशकाचा मोह नको. जिथं मुलं हात घालणार आणि भाजी घरात शिजणार, तिथं ते कशाला? काळं प्लॅस्टिक अंथरायचं म्हणाल, तर लव्हाळ्याचा टोकदार कोंब तेही भोकसून वर येतो.

पहिल्या पावसानंतर उरलेल्या गाठी डोकं वर काढतीलच. तेव्हा दर पंधरवड्याला खुरपा. प्रत्येक नव्या कोंबापायी गाठीतली शिदोरी संपत जाते आणि इतक्या लवकर नवी गाठ धरत नाही. महिनाभर विसरलात, तर मात्र माळ पुन्हा ओवली गेलीच. मध्ये चवळी दाट पेरा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही आणि तुम्हाला शेंगा मिळतात. तरी एका वर्षात सगळा जाणार नाही, दुसऱ्या उन्हाळ्यातही खणावं लागेल.

आणि हो, सर्वांत लांब माळेत किती गाठी निघाल्या, ते मोजून कळवा. चवळीच्या बियांबद्दल पुढच्या अंकात.