कारा समुद्र आणि मौद्याचा धान

सायबेरियाच्या उत्तरेला असलेला कारा समुद्र वर्षाचा बराच काळ गोठलेला असतो. मौद्याच्या धान उत्पादकाचा त्याच्याशी काय संबंध? गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये असा संभाव्य संबंध मांडला. तिथल्या उन्हाळ्यात बर्फ फार घटला, की उघडे पाणी तापते आणि वरच्या हवेचे प्रवाह बदलतात. त्यात अरबी समुद्राच्या बाष्पाची भर पडली, की सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. नेमका तेव्हाच धान निसवत असतो. त्यामुळे ध्रुवीय संशोधनावरचा खर्च ही चैन नव्हे. बर्फाची नोंद मोसमी अंदाजात जोडून वेळेवरचा इशारा बांधापर्यंत पोहोचला, तरच त्या संशोधनाचे चीज होईल.