खड्डा बुजवणाऱ्या माझ्या गल्लीस



हे पत्र उघडं लिहितेय, कारण बोलायला आले की तुम्ही विषय बदलता. भाऊजी म्हणतात, "वहिनी, आधी चहा घ्या." जाऊबाई म्हणतात, "झालं गेलं, सोडा आता." चहा घेतला. सोडणं काही जमलं नाही.

कोपऱ्यावरचा शोषखड्डा आपण सगळ्यांनी मिळून केला होता. 'आपण' म्हणते, कारण खोदायला पोरं तुमचीच होती आणि दगडगोटे आले ते भाऊजींच्याच ट्रॅक्टरमधून. हापशापासून 50 फुटांच्या पुढची जागा मुद्दाम निवडली. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि खाली पक्का मुरूम लागेपर्यंत खोल. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती तळाला मोठे दगड, वर बारीक. मी लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि परत येऊन बघते तर सगळं सपाट! वर कुणाची तरी मोटारसायकल उभी. मला एका शब्दानं कुणी कळवलं नाही. फोन तर सगळ्यांकडे आहेत. नातवाचं नाव काय ठेवलं हे विचारायला केलेही होते.

विचारलं तेव्हा म्हणालात, वास येत होता. वास कसा येतो ते मला सांगू नका. खड्ड्याच्या आधीची जाळीची कुंडी साफ करायला तुमच्यातलं कोण येत होतं? केसांचे पुंजके, घासणीचा चोथा, भाताची शितं, साबणाची पांढरी साय, हे सगळं मी या हातांनी काढलंय. ज्या आठवड्यात कुंडी साफ झाली त्या आठवड्यात वास नव्हता. पाळी लावा म्हटलं तर हसलात.

पण वास हे कारण नव्हतंच. गल्लीच्या शेवटच्या दोन घरांचा पाईप त्या खड्ड्याला जोडायचा म्हटलं आणि दुसऱ्याच दिवसापासून कुजबुज सुरू झाली. 'त्यांच्या न्हाणीचं पाणी आपल्या बोअरला लागंल.' तोंडावर कुणी बोललं नाही, पण माझ्या सुनेच्या कानावर आलं आणि सून काही गोष्टी लपवत नाही. मला सर्वांत जास्त लागलं ते हे. अहो, त्या दोन घरांचं पाणी आजही तुमच्या दारावरूनच वाहतंय की! उघड्या नालीतून, तुमच्या उंबऱ्यासमोरून, पुढे ओढ्याला. तिथं डासांची पैदास चालते आणि ते डास कोणतं घर कुणाचं ते बघून चावत नाहीत. डोळ्यांसमोरून वाहिलं तर चालतं आणि जमिनीत मुरलं की विटाळ, हे कुठलं शास्त्र? खालचा खडक तर सगळ्या गल्लीला एकच आहे.

शंकाच काढायची होती, तर खरी काढायची होती. मीच सांगते, म्हणजे मला काही कळत नाही असं वाटायला नको. संडासाचं पाणी अशा खड्ड्यात कधीच सोडायचं नाही. ते आपण सोडलं नव्हतं. काळ्या मातीत खड्डा घेतला तर पाणी जिरत नाही, कारण ओल लागली की ती माती फुगून बसते. म्हणून मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. आपला खडक बेसाल्टचा. वाळूत पाणी गाळून निघतं तसं खडकाच्या भेगांतून निघेलच असं नाही, म्हणून पिण्याच्या पाण्यापासून अंतर राखायचं आणि बोअरचं पाणी अधूनमधून तपासून घ्यायचं. यातलं एक जरी कुणी विचारलं असतं, तरी मी तिथंच ओट्यावर बसून बोलले असते आणि पटलं असतं तर जागाही बदलली असती.

मोठ्या ठिकाणीही हा वाद झालाय. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात 2018 पासून बंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तलावांत सोडतात, भूजल वर यावं म्हणून. सुरुवातीलाच एका तलावावर फेस आला, लोक ओरडले, प्रकरण कोर्टात गेलं. प्रक्रिया आणखी एक पायरी पुढे न्या, ही तिथल्या लोकांची मागणी मला रास्त वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत हेच काम 2008 पासून चाललंय. तिथं सांडपाणी इतकं शुद्ध करतात की ते जमिनीत मुरवून पुढे लोक पितात. रोजचं जवळपास 49 कोटी लिटर. तेवढी यंत्रणा आपल्याकडे कुठून येणार? पण आपलं काम त्याच्या पासंगालाही पुरणारं नाही. आपल्याला धुण्याभांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी तेवढं जिरवायचंय.

आणि ते थोडं नाही. 2019 साली जलजीवन मिशन आलं तेव्हा माणशी 55 लिटर पाण्याचा हिशोब ठरला. पाच माणसांच्या घराला दिवसाला पावणेतीनशे लिटर. त्यातलं निम्म्याहून पुष्कळ जास्त, पावणेदोनशे-दोनशे लिटर, मोरीतून बाहेर पडतं. वर्षाचं धरलं तर एका घराचं साठ-सत्तर हजार लिटर. त्यानं दुष्काळ हटणार नाही, हे मलाही कळतं. उपसा कमी केल्याशिवाय बोअर टिकत नाहीत. पण पाऊस पडतो चार महिने आणि मोरी वाहते बाराही महिने, ऐन वैशाखातसुद्धा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तुम्हीच टीव्हीसमोर बसून हळहळत होता. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. भाऊजी, तुमच्या-माझ्यासारखी आठ घरं वर्षभरात तेवढं नालीत घालवतात.

शोषखड्डा मी काही पुस्तकातून शोधून आणलेला नाही. शेजारच्याच नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी असे खड्डे घेतले, नाल्या संपवल्या आणि डास घालवले. पुढं तोच नांदेड पॅटर्न म्हणून सगळीकडे गेला. रोजगार हमीतून अशा खड्ड्याला पैसे मिळतात. 2021 मध्ये केंद्रानं सुजलाम नावानं शंभर दिवसांची मोहीम काढली, दहा लाख शोषखड्ड्यांची. गोदावरीच्या याच खोऱ्यातलं, आपल्यासारखंच उन्हाळे सोसलेलं टेंभुर्णी हे करू शकतं. मग आपल्याला काय झालं होतं?

जाऊबाई, तुमच्यावर राग जास्त आहे, कारण तुम्हाला घागरी आठवतात. लग्न होऊन आलो त्या उन्हाळ्यांत आपण दोघी रात्री विहिरीवर नंबर लावून बसायचो. खरकटं पाणी कडीपत्त्याच्या आळ्यात आणि आंघोळीचं केळीला, थेंब वाया गेला तर सासूबाई बोलायच्या. तेव्हा सांडपाण्याची किळस कुणालाच नव्हती. घरात नळ आला आणि किळस आली!

असो. आता कामाचं बोलते. माझ्या परसातला खड्डा माझाच आहे आणि तो चालू राहील. शेवटच्या दोन घरांचा पाईप मी माझ्याकडे जोडून घेतेय. प्लंबर ठरलाय, पाईपचे पैसे दिलेत. तो पाईप भाऊजींच्या भिंतीकडेनं जातो, तेवढी वाट द्यावी. नाही म्हणायचं असेल तर मला म्हणा, सुनेला नको.

आणि कोपऱ्यावरच्या खड्ड्यातली सिमेंटची टाकी कुणाच्या गोठ्यात गेलीय ते मी बघितलंय. भोकं सिमेंटनं बुजवून त्यात शेळ्या पाणी पितात. शेळ्यांसाठी दुसरं काहीतरी बघा आणि टाकी परत पाठवा. भोकं माझी मी पाडून घेईन.

तुमचीच,
मधल्या घरातली वहिनी
ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी