दुभाष्याने प्रश्न सुटत नाही

समजा, खानापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातला मराठी तरुण चोरीच्या संशयावरून पकडला गेला. चौकशी कन्नडमधून होते आणि तो प्रत्येक प्रश्नाला 'हौदु' म्हणत मान हलवतो. पोलिसांपुढील कबुली पुरावा ठरत नाही हे खरे; पण त्या होकारामागोमाग जप्त झालेली वस्तू कोर्टात येतेच. पुढे त्याला कन्नड येत नाही असे दिसून येते आणि दुभाषी मिळतो. न समजणाऱ्या भाषेतील साक्ष आरोपीला समजावून सांगितलीच पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे (2023) कलम 314 सांगते. हा हक्क सीमाभागाने भांडून घेतलाच पाहिजे. पण हाच तरुण मराठीतूनही साऱ्याला 'होय'च म्हणत असेल तर?

गावात अशाला 'भोळा' म्हणून सांभाळून घेतात. जन्मतः बुद्धीची वाढ कमी असलेला माणूस समोरचा रागावू नये म्हणून पुष्कळदा होकार देऊन मोकळा होतो. आपल्याकडे ही उणीव भाषेच्या अडचणीआड दडते. त्याच्या गोंधळाचे खापर कन्नडवर फुटते, दुभाषी येतो आणि खरे कारण कोणी शोधत नाही.

उलटही घडू शकते. बुद्धिमापन चाचणी कन्नडमधून झाली तर चांगला हुशार मराठी माणूसही मंद ठरेल. चाचणी घरच्या बोलीतूनच व्हावी, हा आग्रह वकिलाने पहिल्या तारखेलाच धरावा.

आरोपी मानसिकदृष्ट्या स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ वाटल्यास कलम 367 व 368 प्रमाणे न्यायालयाने आधी त्याबाबत चौकशी करायची असते. भारतीय न्याय संहितेचे कलम 22 निराळे. ते गुन्हा घडला त्या वेळच्या मनःस्थितीपुरते आहे. या दोहोंची गल्लत होता कामा नये.

वकिलाच्या खर्चाची धास्ती मात्र नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या (1987) कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. अर्जात 'मराठी भाषिक' एवढेच लिहून थांबू नये. दिव्यांग प्रमाणपत्र जोडावे. बहिणीचे लग्न अडेल म्हणून पुष्कळ घरे हे प्रमाणपत्र काढतच नाहीत. ती भीती खोटी आहे असे कोण म्हणेल? तरीही कागद नसेल तर, ज्या गुरुजींनी त्याला पहिलीतच पुन्हा बसवले, त्यांना साक्षीला बोलवायला वकिलाला सांगावे.