काटकसर कशात करावी?

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी आमच्या घराघरांत जी एक वस्तू आणून ठेवली, ती बहुधा अजून कपाटाच्या खणात पडून असेल. बोटाला चिमट्यासारखा लावायचा तो ऑक्सिमीटर. ९४ आणि ९० या दोन आकड्यांत काय अंतर असते, हे त्या दिवसांत शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही कळू लागले होते. आज तो खण उघडला, तर पुष्कळांच्या हाती गंजलेली स्प्रिंग आणि पाझरून पांढरे पडलेले दोन सेल येतील. रुग्णाच्या अंगावर राहून त्याच्यावर पहारा करणाऱ्या सर्वच उपकरणांची खरी अडचण या दोन सेलांपाशी आहे. उपकरणाने अधिक खरे बोलावे असे वाटत असेल, तर त्याला अधिक वीज द्यावी लागते. आणि ते अधिक दिवस चालावे असे वाटत असेल, तर त्याच्या बोलण्यावर कात्री चालवावी लागते. ही कात्री कोणी आणि कुठे चालवावी, हा प्रश्न तांत्रिक म्हणून सोडून देण्याजोगा नाही, असे आमचे मत आहे.

ऑक्सिमीटरचेच पाहू. त्यात तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश आळीपाळीने, सेकंदाला कित्येक वेळा चमकतात. बोटातून पलीकडे पोचलेल्या प्रकाशाचा फारच थोडा भाग, शंभरातला एखाददुसरा, नाडीबरोबर कमीजास्त होतो, आणि तेवढ्या थरथरीवरून रक्तातील प्राणवायूचा हिशेब मांडायचा असतो. जपानी अभियंता ताकुओ आओयागी याने १९७४ साली मांडलेली ही युक्ती आजही तशीच चालते. सेलमधील वीज खर्च होते ती मुख्यतः या दिव्यांवर आणि आकडे दाखविणाऱ्या पडद्यावर. दिवे मंद ठेवले की सेल जास्त पुरतात. दुकानातल्या धडधाकट, उबदार बोटावर त्याने काही बिघडत नाही. आकडा ९८ येतो आणि गिऱ्हाईक संतोषाने पैसे मोजते. परंतु ज्याचा रक्तदाब घसरला आहे, ज्याची बोटे गार पडली आहेत, त्याच्या बोटातली ती थरथर शंभरातल्या एका भागाच्याही खाली जाते. म्हणजे जास्त प्रकाश हवा असतो तो नेमका ज्याच्यासाठी हे यंत्र घेतले त्यालाच! चांगली उपकरणे बोट पाहून प्रकाश वाढवितात. हलक्या उपकरणाला मोह पडतो तो मागील कित्येक सेकंदांची सरासरी दाखवून स्थिरतेचा आव आणण्याचा. प्राणवायू घसरू लागलेला असतो आणि पडद्यावर मात्र मघाचाच आकडा शांतपणे लुकलुकत असतो.

तरीही काटकसर म्हणजे सरसकट लबाडी, असे आम्ही म्हणणार नाही. चालत्या-फिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख घेण्याची कल्पना अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या नॉर्मन होल्टर याने १९४०च्या दशकात प्रथम प्रत्यक्षात आणली, तेव्हा पाठीवर वाहायचे ते यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे होते. तांदळाचे पोतेच म्हणा! पुढे त्याच्याच नावाने ओळखले जाणारे यंत्र कमरेच्या पट्ट्याला अडकविता येऊ लागले आणि २४ किंवा ४८ तासांचा आलेख मिळू लागला. पण पंधरवड्यातून एकदा ज्याला घेरी येते, त्याला २४ तासांच्या यंत्राचा काय उपयोग? त्या दिवशी त्याचे हृदय सुतासारखे सरळ चालते आणि अहवाल निर्दोष येतो. आज छातीला चिकटवायची पट्टी १४ दिवस अखंड नोंद ठेवू शकते, आणि ती जमते याचे कारण काटकसर हेच आहे. बिनतारी संदेश पाठविणे हे अशा उपकरणातील फार खर्चाचे काम. ते टाळून सारी नोंद पट्टीच्या पोटात साठविली की छोटी बॅटरीही दोन आठवडे निभावते. किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे: काय घडले ते डॉक्टरला कळते पट्टी उतरल्यावर. घेरीचे कारण शोधायचे असेल, तर हा सौदा उत्तम. नुकताच हृदयविकाराच्या झटक्यातून उठून घरी आलेल्या माणसासाठी तोच सौदा घातक ठरू शकतो.

आलेख किती बारकाईने टिपावा, यालाही हेच लागू आहे. हृदयाचे विद्युत्स्पंदन त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्ट भरते आणि त्यातली सुरुवातीची लहानशी लाट त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. निदानासाठी घेतलेल्या आलेखात सेकंदाला ५०० नोंदी असाव्यात असा संकेत आहे. नुसते ठोके मोजायचे तर त्याच्या चौथाई नोंदीही पुरतात. वखारीतल्या काट्यावर सोने तोलू नये, तसे सोनाराच्या तराजूत नारळही तोलू नयेत. आमची तक्रार आहे ती काटा वखारीचा असून वर पाटी सोनाराची लावली जाते, याबद्दल.

गोव्यात हा विषय दूरचा राहिलेला नाही. मुलगा दुबईला, सून त्याच्याबरोबर आणि पेडण्याच्या किंवा काणकोणच्या घरात एकटी आई, हे चित्र आता नवे नाही. चतुर्थीला येताना मुलगा आईच्या मनगटासाठी नाडी मोजणारे घड्याळ घेऊन येतो. ते रोज रात्री चार्ज करावे लागत असेल, तर दिवाळीपर्यंत ते देव्हाऱ्याशेजारी निपचित पडलेले आढळते. बंद पडलेल्या उपकरणापेक्षा थोडे कमी बारकाईने पाहणारे उपकरण केव्हाही चांगले, आणि जो कारागीर बॅटरीचे दिवस वाढवितो तो या आईचाच विचार करीत असतो, हेही मान्य केले पाहिजे.

सरकारी व्यवस्थेतही हृदयाचा आलेख ग्रामीण आरोग्यकेंद्रात घ्यायचा आणि बांबोळीच्या तज्ज्ञांनी तो पाहायचा, ही पद्धत आता येथे रुळली आहे. तेथे एक गोष्ट विसरली जाऊ नये. आलेखाची स्वच्छता केवळ विजेने येत नाही. आमच्या हवेत मे महिन्यात घामाने चिकटपट्ट्या सुटतात, आणि सैल पट्टीत भिंतीतल्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण हटकून शिरते. छातीवरचा घाम पुसणे, केस काढणे, त्वचा कोरडी करून मगच पट्टी लावणे, याला बॅटरीचा एक कणही लागत नाही. यंत्राच्या करामतीने जे साधत नाही ते पुष्कळदा परिचारिकेच्या दोन मिनिटांनी साधते. ती दोन मिनिटे तिला मिळतात की नाही, हे रुग्णांच्या रांगेवर आणि रिकाम्या पडलेल्या जागांवर अवलंबून असते.

केंद्र सरकारने ११ फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आणली, हे योग्यच झाले. पण परवान्याचा शिक्का उमटला म्हणून खोक्यावरच्या मजकुराचा अर्थ गिऱ्हाइकाला कळत नाही. ‘बॅटरी १० दिवस’ असे मोठ्या अक्षरांत छापले असेल, तर त्या दहा दिवसांत उपकरण अखंड पाहत होते की दर दहा मिनिटांनी डोळा उघडत होते, तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापलेले असले पाहिजे. बॅटरी उतरू लागली म्हणून उपकरणाने आपले पाहणे कमी केले, तर तसे त्याने सांगावे. आणि नाडी नीट सापडत नसेल, तर शिळा आकडा धरून ठेवण्याऐवजी पडदा कोरा ठेवावा.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑक्सिमीटरने ९२ ते ९६ असा दिलासा दिला असतानाही कृष्णवर्णीय रुग्णांच्या १००पैकी सुमारे १२ तपासण्यांत रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात ८८च्या खाली निघाला. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण १००ला ४च्या आत होते. हा दोष बॅटरीचा नव्हे. परंतु उपकरण कोणाच्या बोटावर पारखून घेतले यावर किती अवलंबून असते, हे त्यावरून दिसते. आणि आमचा वर्ण काही युरोपियनांचा नाही.

आमच्या इस्पितळांसाठी खरेदी होते तेव्हा निविदांची पाकिटे टेबलावर उघडली जातात, सर्वात कमी दर पाहिला जातो आणि नमुना म्हणून आलेले यंत्र समितीतील एखादे सदस्य आपल्याच बोटाला लावून पाहतात. पुढच्या खरेदीपूर्वी समितीने एक दुपार काढून ते नमुने वॉर्डात न्यावेत, अर्धे उतरलेले सेल घालून सावळ्या, गार पडलेल्या बोटांना लावावेत, रुग्णाच्या रक्ताच्या तपासणीशी आकडे ताडून पाहावेत आणि मगच दरांचा विचार करावा.